धुराच्या वासावरून इंजिनाची पारख

मोटारीच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर म्हणजे इंजिनात काय जळले, किती जळले आणि काय जळायचे राहून गेले, याचा हिशेब असतो. मोटार रस्त्यावर आल्यापासून हा हिशेब मेकॅनिक नाकाने वाचत आले आहेत. मोजमापाची यंत्रे गॅरेजात पोहोचण्याच्या कितीतरी आधी धुराच्या वासावरून कार्बोरेटर, रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांपैकी काय बिघडले ते ओळखले जाई. या कौशल्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. वासाचा अर्थ कायम एकच राहिलेला नाही. इंधन बदलले, ऑइल बदलले, रेडिएटरमधले पाणी बदलले, की तोच वास वेगळी गोष्ट सांगू लागला आणि काही वास कायमचे नाहीसे झाले.

जळण्याचे गणित

पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले आणि ज्वलन पूर्ण झाले, तर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हवेतला नायट्रोजन एवढेच उरते. या तिघांनाही वास नाही. म्हणून धुराला वास आला की दोनच शक्यता राहतात: जळायला हवे ते काही शिल्लक राहिले आहे, किंवा जळू नये ते काही जळले आहे. पहिल्या प्रकारात कच्चे पेट्रोल आणि अर्धवट जळलेली संयुगे येतात. दुसऱ्या प्रकारात इंजिन ऑइल, कूलंट, इंधनातले गंधक आणि भेसळ येते. गॅरेजमधली वासाची सगळी पारख या दोन शक्यतांमधूनच वाढली.

या गणितात एक धोकादायक अपवाद आहे. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो विषारी आहे, पण त्याला रंग नाही आणि वासही नाही. नाकाच्या विद्येची ही मर्यादा आरंभापासून होती, पण ती नीट मोजायला विसाव्या शतकाची दोन दशके जावी लागली.

औषधाच्या दुकानातले इंधन

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट नोंदवले. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरवर, मोटारीने गेल्या. वाटेत वीस्लोख या गावी त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढायला वापरले जाणारे हे हलके, झटकन उडून जाणारे द्रव त्या काळी मोटारीचे इंधन होते.

त्या पिढीच्या इंजिनांत धुराला ऑइलचा वास येणे हा दोष मानला जात नसे. कित्येक इंजिनांत वंगणाचे ऑइल थेंबाथेंबाने सोडले जाई आणि ते फिरून वापरात येत नसे. काही बाहेर गळे, काही जळून जाई. निळसर धूर आणि तेलकट वास आला की वंगण पोहोचते आहे, अशी चालकाची खात्री पटे.

याच काळात एरंडेल मोटारीत शिरले. धातूच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहण्याचा त्याचा गुण खनिज तेलात नव्हता. शर्यतीच्या गाड्यांत आणि पहिल्या महायुद्धातल्या रोटरी विमान-इंजिनांत एरंडेलच वंगण म्हणून वापरत. इंग्लंडमधल्या वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या ऑइलचे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. जळलेल्या एरंडेलाला गोडसर, जड वास येतो आणि शर्यतीच्या मैदानांची ती ओळख होती. आज गोडसर वास आला की मेकॅनिकला कूलंटची शंका येते. त्या काळी त्याच वासावरून इंजिनात एरंडेल आहे एवढेच कळत असे.

नाकाला न कळणारी दोन विषे

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांना जोडणारा हडसन नदीखालचा हॉलंड बोगदा १९२० मध्ये बांधायला घेतला. बोगद्यात साठणाऱ्या धुराने माणसे गुदमरतील का, हा प्रश्न तेव्हा अभियंत्यांपुढे उभा राहिला. येल विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांनी स्वयंसेवकांना मोजून कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या हवेत बसवून त्याचे परिणाम तपासले. हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग इतके प्रमाण तासभर सहन होऊ शकते, असा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. त्यावरून पंख्यांची क्षमता ठरवली गेली आणि १९२७ मध्ये बोगदा खुला झाला. धुराच्या त्रासाचा आणि विषाचा मेळ नाक घालू शकत नाही, हे या कामातून आकड्यांनिशी समोर आले. उग्र वासाचा धूर तुलनेने कमी विषारी असू शकतो आणि जवळजवळ वास नसलेला धूर जीव घेऊ शकतो.

दुसरे विष इंधनातच मिसळले गेले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये आढळले की टेट्राएथिल लेड किंचित मिसळले तर इंजिनातली ठोके पडण्याची तक्रार थांबते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. इंजिनात शिशाचा थर साचू नये म्हणून त्यात ब्रोमीनचे संयुगही घालत. त्यामुळे शिसे धुराबरोबर बाहेर पडे आणि रस्त्याकडेच्या धुळीत जाऊन बसे. धुराच्या वासावरून त्याचा पत्ता लागत नसे. मेकॅनिकला त्याची खूण फक्त स्पार्क प्लगच्या टोकावर करड्या-तपकिरी रंगाने दिसे, आणि तो रंग निरोगी इंजिनाची खूण म्हणून शिकवला जाई.

कार्बोरेटरचा काळ

भारतात वासावरून पारख करण्याची कला खऱ्या अर्थाने घडली ती कार्बोरेटरच्या गाड्यांवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, जी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर या दोन गाड्यांनी कित्येक दशके देशातले रस्ते व्यापले. दोन्ही गाड्यांची रचना फारशी न बदलता वर्षानुवर्षे चालू राहिली. त्यामुळे एका मिस्त्रीने शिकलेली खूण त्याच्या हाताखालच्या पोऱ्यालाही आयुष्यभर पुरत असे.

धुराला पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी दिसली, की ‘गाडी पेट्रोल जास्त मारते’ असे निदान होई. मग क्रमाने तपास चाले. चोक पूर्ण उघडतो की अडकतो, एअर फिल्टर धुळीने तुंबला आहे का, जेट झिजून मोठा झाला आहे का, फ्लोट चेंबरमधली सुई नीट बसते का. पितळेच्या फ्लोटला बारीक भोक पडले की त्यात पेट्रोल शिरते, तो जड होऊन बुडतो आणि सुई उघडीच राहते. फ्लोट कानाशी धरून हलवला की आतले पेट्रोल ऐकू येई. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघत. आतले पेट्रोल पूर्ण उडवून मग भोकावर डाग दिला जाई.

कच्च्या पेट्रोलचा वास येतो, पण धूर काळा नाही आणि इंजिन थडथडते, तेव्हा दोष इंधनाचा नसून ठिणगीचा असे. गॅरेजच्या भाषेत ही ‘मिसिंग’. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथले पेट्रोल जसेच्या तसे बाहेर येते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही तक्रार हमखास वाढे, कारण डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि प्लगच्या वायरींत ओल शिरे. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे, कॉन्टॅक्ट पॉइंटची फट तपासणे, कंडेन्सर आणि प्लग बदलून पाहणे, हा तिथला क्रम होता. एकेका प्लगची वायर काढून इंजिनाचा आवाज ऐकला जाई. ज्या वायरीने आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद पडलेला.

निळसर धूर आणि करपलेल्या तेलाचा वास म्हणजे ‘गाडी ऑइल खाते’. पण ऑइल कुठून जाते, हे वास कधी येतो यावरून ठरे. पिकअप घेताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेले असत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना एकदाच निळा भपकारा आला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांची सील गेलेली असत, कारण रात्रीतून ऑइल हळूहळू खाली उतरलेले असे. घाटउतार ही याची उत्तम परीक्षा होती. बोरघाट गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडलेला असतो आणि सिलिंडरमध्ये जोराची ओढ तयार होते. झिजलेल्या गाइडमधून ही ओढ ऑइल आत खेचते. पायथ्याला पोहोचून अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट उठतो. त्याच घाटात चढताना येणारा जळका, झोंबणारा वास मात्र बहुधा क्लच प्लेटचा असतो. सायलेन्सरशी त्याचा संबंध नसतो, पण अननुभवी चालक तो इंजिनाचाच समजून घाबरत.

हेड गॅस्केट उडाले की पाणी सिलिंडरमध्ये शिरते. त्या काळी रेडिएटरमध्ये बहुतेक साधे नळाचे पाणी भरत. त्यामुळे या बिघाडाला वास जवळजवळ नसे. ओळख पटे ती न थांबणाऱ्या पांढऱ्या वाफेवरून, रेडिएटरमध्ये उठणाऱ्या बुडबुड्यांवरून आणि ऑइलला आलेल्या दुधाळ रंगावरून. थंड देशांत १९२० च्या दशकापासून पाणी गोठू नये म्हणून एथिलीन ग्लायकॉल मिसळत असत. तिथल्या मेकॅनिकला याच बिघाडात गोडसर वास ओळखीचा होता. भारतात कारखान्यातूनच कूलंट भरून येणाऱ्या गाड्या रुळल्यावर ही गोड खूण इथल्या गॅरेजातही आली. ग्लायकॉल विषारी असते, म्हणून तो वास आल्यावर केवळ पाणी ओतून गाडी चालवणे दुहेरी चूक ठरते.

दुचाकीच्या बाबतीत उलट नियम होता. आकुर्डीत १९७२ पासून तयार होणाऱ्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये आणि रिक्षांमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. मोटारीत जो तेलकट वास हजारो रुपयांच्या इंजिन कामाची सूचना देई, तोच वास स्कूटरमध्ये निरोगीपणाचा होता. तिथे वास फार कमी झाला तर वंगण कमी पडून पिस्टन चिकटण्याची भीती असे.

अननसापासून धुरापर्यंत

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा दाट, डोळ्यांना झोंबणारा थर पसरला की त्याचे कारण कोणालाच समजेना. उकल केली ती आरी हागन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करीत होते. फळाचा गंध थंड करून द्रवात पकडण्याची तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. हाती आलेल्या थोड्याशा उग्र वासाच्या द्रवावरून आणि पुढच्या प्रयोगांतून त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. गॅरेजात दुर्लक्षित राहणारा कच्च्या पेट्रोलचा वास आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला.

पहिला परिणाम इंजिनाच्या खालच्या भागावर झाला. रिंगांच्या फटीतून खाली निसटणारे वायू तोवर एका नळीने थेट रस्त्यावर सोडले जात आणि गाडीत बसल्याबसल्या त्यांचा तेलकट वास येई. कॅलिफोर्नियात १९६१ च्या गाड्यांपासून हे वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात खेचले जाऊ लागले. १९६३ पर्यंत ही रचना अमेरिकेभर पसरली. एक वास त्यामुळे नाहीसा झाला, पण नवा बिघाडही आला. हा छोटा व्हॉल्व्ह उघडा अडकला की इंजिन ऑइल खेचते आणि रिंगा गेल्याचा भास होतो. मोठे काम काढण्याआधी तो तपासणे तेव्हापासून अनुभवी मेकॅनिकचा नेम झाला.

डिझेलच्या धुराविषयी लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की वास हाच मोजण्याचा विषय ठरला. रसायनशास्त्रज्ञ अमॉस टर्क यांनी १९६७ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य विभागासाठी क्रमांक घातलेल्या गंधाच्या बाटल्यांचा संच तयार केला. त्यावर तयार केलेले परीक्षक डिझेलचा धूर हुंगून त्याची तीव्रता ठरवत आणि करपट, तेलकट, सुवासिक, झोंबरा असे चार गुण वेगळे करून त्यांना आकडे देत. टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असे परीक्षक-मंडळ काम करीत असे. नंतर आर्थर डी. लिटल या संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी धुराचे घटक वेगळे केले. तेलकट वास मुख्यतः न जळलेल्या इंधनातून येतो आणि करपट वास अर्धवट जळलेल्या, ऑक्सिजन मिळालेल्या संयुगांतून येतो, असे त्यांना आढळले. डिझेल मिस्त्रीची समजही अशीच होती. थंड इंजिनातून पांढरा, तिखट धूर आला तर ग्लो प्लग, कॉम्प्रेशन किंवा उशिरा होणारी फवारणी पाहायची. काळा, करपट धूर आला तर एअर फिल्टर आणि नोझल तपासायचे.

कुजक्या अंड्याचा वास

फ्रेंच अभियंते यूजीन हूद्री यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत मोटारीचा धूर उत्प्रेरकाच्या मदतीने शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे पेटंट मिळवले. पण पेट्रोलमधले शिसे उत्प्रेरकावर चिकटून त्याला निकामी करत असल्यामुळे त्याचा उपयोग होईना. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने ही कोंडी फोडली. १९७४ पासून तिथल्या पंपांवर शिसेमुक्त पेट्रोल आले आणि १९७५ च्या बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर बसले.

त्याबरोबरच आजवर न आलेला वास रस्त्यावर आला. पेट्रोलमधले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होते. मिश्रणात हवा पुरेशी असेल तर त्यातला काही भाग उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर साठून राहतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की साठलेले गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटते आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. माणसाचे नाक हा वायू अत्यंत अल्प प्रमाणातही ओळखते. हा वास आला की ग्राहक कन्व्हर्टरलाच दोष देत, आणि पुष्कळदा कन्व्हर्टर बदलूनही वास परत येई, कारण मूळ दोष जास्त पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये असे.

उत्प्रेरकाला सतत अचूक मिश्रण हवे असते. त्यासाठी बॉशने झिर्कोनियम ऑक्साइडच्या चिनीमातीवर आधारलेला ऑक्सिजन सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये तो व्होल्वो गाड्यांत प्रथम बसला. धुरात ऑक्सिजन उरला तर त्याचा विद्युतदाब ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. पेट्रोल जास्त झाले तर तो ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. जे काम मिस्त्री सायलेन्सरमागे उभे राहून नाकाने करत असे, ते सेन्सर सेकंदाला कित्येकदा करू लागला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि तिथे शिसेमुक्त पेट्रोल मिळू लागले. महानगरांबाहेर ते सुरुवातीला सहज मिळत नसे. मुंबईतून लांबच्या प्रवासाला निघालेल्या नव्या गाडीत वाटेतले शिसेयुक्त पेट्रोल भरले की कन्व्हर्टर मरू लागे, आणि या मरणाला कोणताही वास नसे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा ही अडचण संपली.

नव्या गाड्यांत कुजक्या अंड्याचा वास टिकून राहिला तर आधी मिश्रणाचे कारण शोधावे लागते. ऑक्सिजन सेन्सर सुस्तावणे, इंजेक्टर गळणे, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटणे किंवा इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर चुकणे ही नेहमीची कारणे आहेत. मिसिंग चालू असताना गाडी रेटली तर कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळते. याशिवाय एक फसवा प्रकार आहे. अल्टरनेटर जास्त चार्जिंग करू लागला तर बॅटरी तापून तिच्यातूनही हाच वास येतो. वास मागे सायलेन्सरशी आहे की पुढे बोनेटखाली, एवढे पाहिले तरी ही चूक टळते.

रॉकेलची भेसळ

भारतीय मेकॅनिकला जो वास इतर देशांतल्या मेकॅनिकपेक्षा जास्त परिचित झाला, तो रॉकेलचा. रेशनचे रॉकेल पेट्रोल-डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होते, म्हणून ते इंधनात मिसळण्याचा धंदा वाढला. ओळख पटावी म्हणून सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला होता. रॉकेल पेट्रोलइतके सहज उडत नाही. ते अर्धवट जळते, धुराला स्टोव्हसारखा वास येतो, इंजिन ठोके देते, प्लग काळे पडतात आणि सिलिंडरच्या भिंतींवरून उतरलेले रॉकेल ऑइल पातळ करते. पंपावर गाळणी कागदाची चाचणी याच कारणाने रूढ झाली. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. भेसळ असेल तर डाग राहतो.

या धंद्याची पाळेमुळे किती खोल होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारण्यात आले. एखाद्या गाडीच्या धुरातला रॉकेलचा वास हा त्या गाडीचा बिघाड नसून पुरवठ्यातल्या गुन्ह्याची खूण असू शकतो, हे त्या घटनेनंतर कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

नाकाकडून यंत्राकडे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी उभ्या गाडीच्या धुराला प्रथमच देशभर आकडा लावला. चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून आणि दोन-तीन चाकी गाड्यांच्या धुरात ४.५ टक्क्यांहून जास्त नसावा, असा नियम झाला. पीयूसी केंद्रांवरच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये गेली आणि नाकाला न कळणारा वायू कागदावर छापून येऊ लागला. नव्या गाड्यांची कसोटी घेणारी संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात १९६६ पासून होती. तिच्या प्रयोगशाळांत प्रत्येक नव्या मानकासाठी इंजिने तपासली जाऊ लागली.

मानके कडक होत गेली तसे इंधनातले गंधक घटले. भारत स्टेज-२ च्या पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालत असे. स्टेज-३ मध्ये ही मर्यादा १५०, स्टेज-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये १० झाली. कुजक्या अंड्याचा वास आज दुर्मीळ झाला आहे त्यामागे हे आकडे आहेत. आणि दुर्मीळ झाल्यामुळेच तो आला तर पूर्वीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. धुराची तपासणी आता गाडीच स्वतः करते. स्टेज-४ पासून, म्हणजे २०१० पासून, गाडीतच बिघाड नोंदवणारी ओबीडी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आणि स्कॅनर हे गॅरेजचे नित्याचे हत्यार झाले.

इंधनेही बदलली. मुंबई उच्च न्यायालयातल्या प्रदूषणविषयक आदेशांनंतर शहरातल्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या. सीएनजीच्या धुराला वास फार कमी असतो. गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळताना नाहीसा होतो. म्हणून सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर शंका धुराची न घेता गळतीची घ्यावी लागते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून जोडांवर साबणाचा फेस लावला की बुडबुड्यांवरून गळती दिसते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या धुरात थंड इंजिन असताना अॅसिटाल्डिहाइडचा आंबूस, झोंबरा वास येतो. गाडी गरम झाल्यावर तो जातो आणि तो बिघाड नसतो. स्टेज-६ च्या पुष्कळ डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण धुरात फवारतात. तिथे अमोनियाचा वास आला तर फवारणी प्रमाणाबाहेर होत आहे किंवा उत्प्रेरक काम करत नाही असे समजावे.

आजच्या तपासाचा क्रम

आजचा मेकॅनिक स्कॅनर जोडण्याआधीही तीन प्रश्न विचारतो. वास कधी येतो: थंड इंजिनात, गरम झाल्यावर, पिकअप घेताना की उतारावर? वास कुठे येतो: सायलेन्सरमागे, बोनेटखाली की गाडीच्या आत? आणि शेवटचे इंधन कधी आणि कुठे भरले? या तिन्हींच्या उत्तरांनी शोधाचे क्षेत्र अरुंद होते. नंतर एअर फिल्टर, प्लग, ऑइलची पातळी आणि कूलंटची पातळी पाहिली जाते. मग स्कॅनरवरचे बिघाडाचे संकेत आणि ऑक्सिजन सेन्सरचा विद्युतदाब वाचला जातो, आणि शेवटी धूर-विश्लेषक यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. भाग बदलला की तेच आकडे पुन्हा घेतले जातात, कारण वास गेला म्हणजे दोष गेला असे नसते.

धुराचा वास गाडीच्या आत येत असेल तर हा क्रम बाजूला ठेवावा लागतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट, सायलेन्सरला पडलेले भोक किंवा डिकीचे फाटलेले रबर यांतून धूर आत येतो आणि त्याच्याबरोबर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही येतो. अशा वेळी लगेच काचा उघडून गाडी थांबवावी आणि दुरुस्तीशिवाय पुढे नेऊ नये. गॅरेजात थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचे तोंड क्षणभर फडक्याने दाबले की गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते, आणि जोडावर साबणाचा फेस लावला की ती डोळ्यांनाही दिसते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कधीही करत नाहीत. हॉलंड बोगद्याच्या अभियंत्यांनी शंभर वर्षांपूर्वी मोजलेले विष आजच्या गाडीतही तयार होते. कन्व्हर्टर ते बरेच कमी करतो, पण थंड इंजिनात तो काम सुरू करण्याआधी आणि कन्व्हर्टरच्या अलीकडे गळती असेल तर ते पूर्वीसारखेच बाहेर पडते.